युसीला (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया) ट्रान्सफर करायचंय तर आधी हे बघ
अरे, कॅलिफोर्नियात कम्युनिटी कॉलेजला सोशल सायन्स घेतोयस ना, मग आधी मेजर (मुख्य विषय) नक्की कर, नुसती असोसिएट डिग्री (दोन वर्षांची) हातात आली म्हणून युसी घेईलच असं काही नसतं. असिस्टच्या (assist.org) साइटवर तुझं कॉलेज आणि हवी ती युनिव्हर्सिटी टाक, कुठला कोर्स कशाच्या जागी धरतात ते तिथेच कळतं. इकॉनॉमिक्स म्हटलं की कॅल्क्युलस आलंच, सायकॉलॉजीला स्टॅट्स, म्हणून मॅथ्स पहिल्याच सेमिस्टरला सुरू कर बाबा, शेवटाला ढकललंस की अडकतोस. युसीला ६० ट्रान्सफरेबल सेमिस्टर युनिट्स लागतात, म्हणजे युसी धरते असे क्रेडिट्स. टॅगचा (ट्रान्सफर अ‍ॅडमिशन गॅरंटी, म्हणजे अटी पूर्ण केल्यास प्रवेशाची हमी) फॉर्म फक्त सप्टेंबरात, आणि तो युसीच्या बर्कली, एलए, सॅन डिएगो कॅम्पसला चालत नाही. सीएसयू (कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी) चालणार असेल तर एडीटी (ट्रान्सफरसाठीची असोसिएट डिग्री) घे, तिथे त्या डिग्रीला खरंच वजन आहे.