सीट बेल्ट लोंबतोय, पण गाडी दोन वर्षांत विकायची आहे: खर्च करावा का?

तुम्ही लिहिलंय की गाडी ११ वर्षांची आहे. पुढच्या दोन्ही सीटचे बेल्ट सोडल्यावर अर्धेच आत जातात आणि लावल्यावरही छातीवर सैल राहतात. गॅरेजवाल्याने दोन्ही बेल्टची अख्खी असेंब्ली (पट्टा आणि तो गुंडाळणारा स्प्रिंगचा डबा) बदलायला सांगितली असून तो खर्च तुमच्या दीड महिन्याच्या बचतीएवढा आहे. जुने सुटे भाग विकणारा तेच काम एक तृतीयांश पैशांत करून देतो म्हणतो. घरात मात्र मत असं पडलंय की दोन वर्षांत विकायच्या गाडीवर पैसे घालण्यापेक्षा ते नव्या गाडीच्या डाउन पेमेंटला ठेवावेत.

घरच्यांचा एक मुद्दा बरोबर आहे, तो आधी मान्य करतो. या खर्चाने गाडीची किंमत वाढणार नाही आणि विकताना हे पैसे परत मिळणार नाहीत. पण म्हणून गाडीच्या किमतीशी या खर्चाची तुलना करणं मला पटत नाही. विकायला अजून २४ महिने आहेत आणि तेवढे दिवस त्या सीटवर तुम्ही दोघंच बसणार आहात. दीड महिन्याची बचत २४ महिन्यांवर पसरली तर दरमहा बचतीच्या सुमारे ६ टक्के होते. म्हणजे नवी गाडी दीड महिना उशिरा येईल, एवढीच या निर्णयाची किंमत.

दुसऱ्या पारड्यात काय आहे तेही बघा. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एकदम थांबली, तर आतल्या माणसाच्या अंगात जो जोर असतो तो साधारण तीन मजल्यांवरून पडण्याएवढा असतो. गाडीचा पुढचा भाग चेपत जातो त्या क्षणार्धात बेल्टने माणसाला धरायचं असतं. सैल बेल्टमध्ये शरीर आधी तेवढं अंतर पुढे फेकलं जातं आणि मग झटका बसतो, तोवर एअरबॅगही समोरून येत असते. नीट लावलेल्या बेल्टमुळे पुढच्या सीटवरच्या माणसाच्या मृत्यूचा धोका जवळपास निम्मा होतो, पण त्यासाठी तो अंगाला लागून बसलेला हवा.

तरीही गॅरेजवाल्याला लगेच होकार देऊ नका. बेल्ट हळू जाण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण मळ आहे. घाम, धूळ आणि हाताचा तेलकटपणा पट्ट्यात मुरतो, खांद्याजवळच्या कडीत त्याचा थर बसतो आणि आतल्या स्प्रिंगला ते घर्षण ओढवत नाही. बेल्ट पूर्ण बाहेर ओढून चिमट्याने अडकवा. कोमट पाणी आणि सौम्य साबण लावून दोन्ही बाजूंनी पुसा, कडीही घासून घ्या, आणि पूर्ण वाळल्यावरच आत सोडा. मी माझ्या गाडीचे पुसले तेव्हा तिसऱ्यांदा बदललेलं पाणीही काळंच निघालं होतं, आणि बेल्ट पुन्हा सरसर आत जायला लागला. ब्लीच वापरू नका, तेल किंवा स्प्रे मारू नका. पट्टा कुठे पिळलाय का, कडेचे धागे सुटलेत का, तेही त्याच वेळी दिसेल. धागे सुटले असतील तर स्वच्छ करून भागणार नाही, बदलावाच लागेल.

त्याच आठवड्यात कंपनीला चासी नंबर देऊन तुमच्या मॉडेलवर बेल्टसंबंधी रिकॉल (सदोष भागासाठी कंपनीने गाड्या परत बोलावणं) आहे का ते विचारा. असेल तर दुरुस्ती सहसा फुकट होते. विम्याकडून आशा ठेवू नका, नेहमीची झीज त्यात बसत नाही.

धुऊनही फरक पडला नाही तर स्प्रिंग थकली आहे असं समजा. ती उघडून बसवून देतो म्हणणाऱ्याला स्पष्ट नाही म्हणा. बऱ्याच गाड्यांत स्प्रिंगच्या त्याच डब्याला प्रीटेन्शनर, म्हणजे धडकेच्या क्षणी बेल्ट खेचून घट्ट करणारा भाग, जोडलेला असतो आणि त्यात छोटा स्फोटक भार असतो. एक तृतीयांश पैशांतल्या जुन्या भागालाही माझा नकारच आहे. तो पट्टा एखाद्या अपघातात ताणला गेलाय का, हे बाहेरून कळत नाही. आरसा किंवा दाराचं हँडल जुन्यातलं घ्या, मी आनंदाने हो म्हणेन. इथे नाही.

पैसे आपत्कालीन निधीतून काढा. अचानक आलेला आणि टाळता न येणारा खर्च म्हणजे हाच, त्यासाठीच तो निधी साठवला आहे. पुढचे दीड महिने डाउन पेमेंटची रक्कम तिकडे वळवून खड्डा भरून काढा. क्रेडिट कार्डाचे हप्ते नकोत. दोन्ही बेल्ट एकदम झेपत नसतील तर आधी ड्रायव्हरचा बदला. दुसरा बदलेपर्यंत सोबतच्या माणसाने मागच्या चांगल्या बेल्टच्या सीटवर बसावं. स्वतःचा नवा बेल्ट बसेपर्यंत ड्रायव्हरने दरवेळी बेल्ट लावल्यावर खांद्याकडचा पट्टा हाताने वर ओढून सैलपणा काढावा, पण ही सोय काही दिवसांपुरतीच समजा.

काम झाल्यावर गॅरेजमध्येच बेल्ट जोरात हिसका देऊन ओढून बघा, तो जागीच अडकायला हवा. गाडी चालू केल्यावर एअरबॅगचा दिवा काही सेकंदांत विझतो ना, तेही पाहा. बिलावर भागाचा नंबर लिहून घ्या आणि ते गाडीच्या कागदांत ठेवा. दोन वर्षांनी गाडी घेणाराही त्याच सीटवर बसणार आहे, त्याला ते दाखवा.