अमेरिकेतलं जुनं प्रायव्हेट स्टुडंट लोन २०१६ पासून भरलेलं नाही, आता कलेक्शनवाले केस करू शकतात का?

तुम्ही लिहिलंय की न्यू जर्सीत राहता, शेवटचा हप्ता २०१६ ला गेला आणि आता कुठलीतरी एजन्सी फोन करून "या आठवड्यात ५० डॉलर तरी टाका, फाइल होल्डवर ठेवतो" म्हणतेय. आधी एकच, ते ५० डॉलर टाकू नका, बाकीचं निवांत वाचा.

मी वकील नाही, पण या भानगडीतून गेलोय. लोन खरंच प्रायव्हेट आहे ना ते बघून घ्या, कारण फेडरल, म्हणजे अमेरिकन सरकारचं असेल तर १९९१ पासून त्याच्या वसुलीची केस करायला मुदतच नाही. स्टुडंट व्हिसावर आला असाल तर तुम्हाला फेडरल मिळालंच नसणार म्हणा.

प्रायव्हेट लोन म्हणजे साधा लेखी करार, त्यामुळे केस करायची मुदत राज्याप्रमाणे बदलते, न्यू जर्सीत ६ वर्षं, कॅलिफोर्निया नि टेक्सासला ४, न्यूयॉर्कला २०२२ पासून ३, इलिनॉयला तर चक्क १०. मोजायची साधारण हप्ते थकले किंवा बँकेने सगळी रक्कम एकदम मागितली तिथपासून. पण करारात कुठल्या राज्याचा कायदा लागू ते लिहिलेलं असतं, ते पान शोधा, आणि मधली काही वर्षं भारतात काढली असतील तर काही राज्यं तो काळ मोजतच नाहीत. आणि आपल्या न्यू जर्सीत थोडे जरी पैसे भरले किंवा सही करून "हो, मी देणं लागतो" लिहून दिलं तर ६ वर्षं परत पहिल्यापासून सुरू होऊ शकतात, त्या ५० डॉलरची खरी गोम ही आहे.

मुदत संपली म्हणजे कर्ज माफ झालं असं नाही हां. एजन्सीवाले पैसे मागू शकतात, फक्त मुदतबाह्य कर्जासाठी वसुली एजन्सीने केस करायची नाही आणि केसची धमकीही द्यायची नाही असा फेडरल नियम नोव्हेंबर २०२१ पासून आहे. तरी केस टाकतात, आणि कोर्ट स्वतःहून तारखा तपासत बसत नाही, ते तुम्हीच सांगायचं असतं. मला २०१९ ला समन्स आलं, मी २०११ च्या शेवटी भरणं बंद केलेलं, ३५ दिवसांत उत्तर द्यायचं होतं, मी त्यात मुदत संपल्याचं लिहिलं, शेवटच्या हप्त्याचं बँक स्टेटमेंट जोडलं, आणि सुनावणीच्या आधीच त्यांनी केस मागे घेतली. माझ्या जुन्या रूममेटने तसलंच पाकीट "जुनं झालंय, काय करणारेत" म्हणत ड्रॉवरमध्ये टाकलं, गैरहजेरीत त्याच्यावर जजमेंट लागलं, पगारातून पैसे कापायला लागले, आणि जजमेंट इथे २० वर्षं जिवंत राहतं.

क्रेडिट रिपोर्टवरून नोंद ७ वर्षांनी जाते, ते घड्याळ वेगळं, त्यावरून केसची मुदत काढू नका.

आता करायचं काय, तर फोनवर काही कबूल करू नका, त्यांचं पत्र आल्यापासून ३० दिवसांत लेखी मागा की मूळ बँक कोण, रक्कम कशी काढली, आणि कर्ज त्या एजन्सीकडे आल्याचे कागद कुठे आहेत. लोनं दोनदा-तीनदा विकली जातात, कागद मध्येच हरवतात, माझ्याकडे तर शेवटपर्यंत आले नाहीत. समन्स आलंच तर त्या दिवशीच वकील गाठा, लीगल एडवाले कमी पगारवाल्यांना फुकट मदत करतात.

को-सायनर, म्हणजे लोनवर तुमच्यासोबत जामीन म्हणून सही करणारं, कोण आहे ते तुम्ही लिहिलं नाहीत, पण त्यांना आजच फोन करून सांगून ठेवा, एजन्सी त्यांनाही गाठते. माझे को-सायनर आत्याचे मिस्टर, एडिसनमध्ये राहतात, नाव खराब होईल म्हणून मला न विचारता १०० डॉलरचा चेक लिहायला बसले होते, आत्याने चेकबुकच काढून घेतलं म्हणून निभावलं.