डब्ल्यू२५क्यू६४ या फ्लॅश मेमरी चिपला आयडी विचारणारी ९एफ कमांड पाठवल्यावर ईएफ ४० १७ ऐवजी ईएफ ७० १७ येतंय. चिप डुप्लिकेट आहे का? आयडी ओळखायचा कोड कसा लिहावा?

नाही. डेटाशीटमधलं आयडीचं टेबल पूर्ण वाचा. विनबॉन्डच्या ६४जेव्हीमध्ये पार्ट नंबरला आयक्यू असेल तर ४० १७, आयएम असेल तर ७० १७. दोन्ही ओरिजिनल.

याच दोन आकड्यांवरून नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीतल्या एका कंपनीत माझं आणि सीनियर सरांचं वाजलं होतं. आम्ही डेटा लॉगर बनवायचो, ड्रायव्हर सरांचा. तिन्ही बाइट जोडायचे, स्विचमध्ये ईएफ४०१७ जुळलं तर पुढे, नाहीतर डिफॉल्टमध्ये व्हाइल वन, म्हणजे न संपणारा लूप. ना एरर, ना एलईडी, बोर्ड मुका. मी म्हटलं होतं, सर, साइज एसएफडीपीतून, म्हणजे चिपमध्येच साठवलेल्या माहितीच्या टेबलातून घेऊ. "तीन बाइटचं काम आहे, काहून वाढवतो?" पुढे ऐन मे महिन्यात परचेसवाल्यांनी आयएमची रीळ आणली आणि लाइनवरचा एकही बोर्ड उठेना. सरांचा निकाल तयार: माल डुप्लिकेट. बर्डीवरच्या सप्लायरला फोनवर असं झापलं की तो रीळ परत न्यायला निघाला. मी लॉजिक अ‍ॅनालायझर लावून एमआयएसओवरचं (चिपकडून डेटा येतो त्या पिनवरचं) ईएफ ७० १७ दाखवलं, डेटाशीटचं पान समोर ठेवलं. सरांनी काय केलं? स्विचमध्ये आणखी एक केस टाकली! डिफॉल्ट तसाच. सप्लायरला सॉरी कोणीच म्हटलं नाही.

म्हणून भाऊ, केस वाढवत बसू नका. एसएफडीपी वाचा: ५ए कमांड, तीन अ‍ॅड्रेस बाइट, एक डमी. 'एसएफडीपी' ही चार अक्षरं आली की बेसिक पॅरामीटर टेबलचा दुसरा डीवर्ड (चार बाइट) वाचा, त्यात साइज बिटमध्ये असते, एकने कमी करून. तिसऱ्या बाइटवरून थेट १ << आयडी[२] करणारेही असतात, आमचे सर त्यातलेच. हेक्स १७ला जमतं, २चा २३वा घात, ८ एमबी. पण विनबॉन्डचीच ५१२ मेगाबिटची चिप तिथे २० देते. हेक्स २० म्हणजे ३२, आणि ३२ बिटच्या इंटला ३२ने शिफ्ट करणं सीमध्ये अनडिफाइन्ड आहे. हे मी तेव्हाही सांगितलं होतं.

हां, जुन्या चिपमध्ये एसएफडीपी नसतं, तिथे टेबल ठेवावंच लागतं. आयएममध्ये क्यूई बिट (चार पिनांवरून डेटा देणारा क्वाड मोड चालू करणारा) फॅक्टरीतून शून्य असतो, त्यामुळे होल्ड आणि डब्ल्यूपी पिन मोकळ्या सोडू नका. क्वाड रीडच्या आधी तो बिट सेट करा.

आणि डुप्लिकेटचा संशय असेलच, तर आयडीवर जाऊ नका, नकली चिपही तोच आयडी देऊ शकते. एकेक सेक्टर इरेज करून लगेच त्यात त्याचा स्वतःचा अ‍ॅड्रेस लिहा, सगळं लिहून झाल्यावर पहिल्यापासून वाचा. खालच्या सेक्टरमध्ये वरचे अ‍ॅड्रेस दिसले तर चिप लहान आहे, वरचं मार्किंग खोटं.