ब्रिटिश वाफेच्या इंजिनांच्या टेंडरमध्ये (इंजिनामागे जोडलेल्या कोळसा-पाण्याच्या गाडीत) कोळसा आणि पाणी किती मावायचं? तेवढ्यावर लंडन–एडिनबरासारखा पल्ला न थांबता कसा गाठायचे?

सरसकट एकच आकडा सांगता येणार नाही, कारण प्रत्येक कंपनीची टेंडरं वेगळी. पण आकड्यांआधी एक गोष्ट ध्यानात घ्या: कोळसा सहसा पुरायचा, आधी संपायचं ते पाणी.

हिशेब करून बघा. वेगात धावणारं एक्सप्रेस इंजिन ढोबळमानाने मैलाला 35 ते 40 गॅलन पाणी आणि 45 पौंडांच्या आसपास कोळसा खायचं. (ब्रिटिश गॅलन म्हणजे साडेचार लिटरच्या थोडं वर.) लंडन–एडिनबरा मार्गावर धावणाऱ्या एलएनईआर (लंडन अँड नॉर्थ ईस्टर्न रेल्वे) कंपनीच्या मोठ्या इंजिनांच्या टेंडरमध्ये 5000 गॅलन, म्हणजे जवळपास 22,700 लिटर पाणी आणि 9 टन कोळसा असे. कोळसा सव्वाचारशे-साडेचारशे मैल पुरेल, पाणी मात्र सव्वाशे-दीडशे मैलांत खलास. आणि अंतर तर 392 मैलांचं!

मग धावता धावताच पाणी भरायचं. रुळांच्या मधोमध पाव मैल किंवा त्याहून लांब उथळ हौद केलेले असत. फायरमन (भट्टीत कोळसा टाकणारा) टेंडरखालचा स्कूप, म्हणजे पाणी उचलणारं तोंड, खाली सोडायचा आणि गाडीच्या वेगानेच पाणी नळातून वर टाकीत चढायचं, पंप वगैरे काही नाही. एका हौदावर दोनेक हजार गॅलन सहज मिळत. जॉन रॅम्सबॉटम या रेल्वे इंजिनिअरने 1860 मध्ये उत्तर वेल्समधल्या मॉकड्र इथे हे पहिल्यांदा केलं. स्कूप वर घ्यायला उशीर झाला की टाकी ओसंडायची आणि मागच्या पहिल्या डब्यात खिडकी उघडी ठेवून बसलेल्यांची आंघोळ व्हायची.

1 मे 1928 पासून ‘फ्लाइंग स्कॉट्समन’ ही गाडी लंडन–एडिनबरा न थांबता धावू लागली ती या हौदांच्या जोरावर. राहिला प्रश्न माणसांचा. आठ तासांहून जास्त वेळ एकाच जोडीने इंजिन चालवणं अशक्य, म्हणून टेंडरच्याच एका बाजूने जेमतेम दीड फूट रुंदीची बोळ काढली. दुसरे ड्रायव्हर-फायरमन डब्यातून त्या बोळीने इंजिनावर यायचे. मला या सगळ्या प्रकरणात सर्वात आवडती युक्ती हीच.

हौद असणं-नसणं टेंडरच्या मापातही दिसतं. दक्षिण इंग्लंडातल्या सदर्न रेल्वेकडे हौद नव्हते, म्हणून तिच्या मर्चंट नेव्ही इंजिनांना पाणी 5000 गॅलन, पण कोळसा फक्त 5 टन. शिवाय लंडनहून पश्चिमेला जाताना 84 मैलांवर सॉल्सबरीला थांबा ठरलेलाच. ग्रेट वेस्टर्न रेल्वेकडे हौद होते आणि उत्तम वेल्श कोळसाही, त्यामुळे कॅसल आणि किंग इंजिनांचं 4000 गॅलन आणि 6 टनांत भागायचं. एलएमएस (लंडन, मिडलंड अँड स्कॉटिश रेल्वे) कंपनीच्या डचेस इंजिनांना लंडन–ग्लासगो हा 401 मैलांचा पल्ला, म्हणून पाणी तेच 4000 गॅलन, पण कोळसा 10 टन. एवढ्या मोठ्या टेंडरमध्ये मागचा कोळसा फावड्याच्या टप्प्यात येईना, तेव्हा तो पुढे ढकलायला वाफेवर चालणारा पुशर बसवला. फायरमनच्या पाठीचा विचार कुणीतरी केला म्हणायचा.

उलट यार्डात डबे ढकलणाऱ्या छोट्या पॅनियर इंजिनांना वेगळं टेंडरच नाही. 1200 गॅलन पाणी बॉयलरच्या दोन्ही अंगांच्या टाक्यांत, कोळसा केबिनमागे.

डिझेल आलं, वाफेची इंजिनं गेली, तसे हौदही काढून टाकायला सुरुवात झाली. ‘फ्लाइंग स्कॉट्समन’ याच नावाचं 4472 क्रमांकाचं इंजिन तेव्हा एका खासगी मालकाकडे होतं. वाटेत पाणी भरायची पंचाईत होऊ लागल्यावर 1966 मध्ये त्याने त्यामागे आणखी एक टेंडर जोडलं, निव्वळ पाण्यासाठी.