'रडरची संवेदनशीलता कमी करा' असं लिहावं का?

प्रश्न असा आलाय की रेडिओ कंट्रोल एरोबॅटिक विमानाचं मॅन्युअल मराठीत करताना 'रडरची संवेदनशीलता कमी करा' हे वाक्य चालेल का, आणि रडरला, म्हणजे विमानाचं नाक डावी-उजवीकडे वळवणाऱ्या शेपटीवरच्या उभ्या फळीला, सरळ सुकाणू म्हणावं का.

आधी सुकाणू. शब्द अरबीतून आलेला पण कोकण किनाऱ्यावर कधीच मुरलेला, सुकाणू धरतो तो सुकाणी, म्हणजे अर्थाने चपखल आहे. पण उडवणारी मंडळी मैदानात रडरच म्हणतात, "सुकाणूचा सर्वो (रडर हलवणारी छोटी मोटर) अडकतोय" असं कोणी बोललं तर लोक वळून बघतील. तेव्हा रडरच ठेवा.

संवेदनशीलता मात्र काढाच. एक तर ती मराठीत माणसाच्या मनाला जास्त शोभते, आणि खरा घोळ असा की त्या एका शब्दात रिमोटवरची दोन वेगळी सेटिंग्ज, ड्युअल रेट आणि एक्स्पो, कोंबली जातात. समजा रिमोटची स्टिक (दांडी) पूर्ण ढकलली की रडर ४० अंश वळतो आणि अर्ध्या स्टिकला २०. ड्युअल रेट ५० टक्के केला की पूर्ण स्टिकला २० आणि अर्ध्याला १०, म्हणजे सगळंच निम्मं. एक्स्पो लावला तर पूर्ण स्टिकला ४० चे ४०च राहतात, फक्त मधल्या भागात रडर हळू वळतो, अर्ध्या स्टिकला धरा १४-१५ अंश. आता स्टॉल टर्न या कसरतीचं बघा, विमान सरळ वर चढून जवळपास थांबतं आणि तिथे त्याला बाजूला पाडायला भरपूर रडर लागतो, वाचणाऱ्याने 'संवेदनशीलता कमी' वाचून रेटच उतरवला असेल तर विमान वळायचं सोडून शेपटीवर खाली घसरायला लागेल. त्याला बिचाऱ्याला फक्त सरळ उडताना शेपूट वळवळू नये एवढंच हवं होतं!

म्हणून मी ड्युअल रेटसाठी 'रडरचा पल्ला कमी करा' आणि एक्स्पोसाठी 'रडर मध्यावर मऊ करा' असं लिहीन. पल्ला आपल्याकडे तोफेलाही असतो नि बंदुकीलाही, कुठवर जातो ते लगेच कळतं. मऊ जरा घरगुती वाटेल, पण 'सौम्य' लिहिलं की खोकल्याच्या औषधाची बाटली आठवते.

अजून एक, 'एक्स्पो वाढवा' असं मोघम कधीच लिहू नका. फुटाबा कंपनीच्या रिमोटवर मऊ करायला आकडा उणे द्यावा लागतो, स्पेक्ट्रम कंपनीच्या रिमोटवर अधिक, चिन्ह चुकलं तर रडर मध्यावर उलटा जास्तच तिखट होतो, त्यामुळे आकड्यासोबत कुठला रिमोट तेही लिहा. आणि मूळ मजकुरात पुशरॉड (सर्वो आणि रडर जोडणारी सळी) सर्वोच्या आर्मवर, म्हणजे त्याच्या फिरत्या दांड्यावर, आतल्या भोकात घ्यायला सांगितलं असेल तर तिथेही 'पल्ला'च वापरा, कारण त्यानेही रडरचं एकूण वळणंच कमी होतं.