रिपोर्ट नॉर्मल, मग मुंग्या का येतात?

"माझ्या नसा कमजोर झाल्यात का?" हा प्रश्न घेऊन माझ्याकडे सतत कुणी ना कुणी येतं. तिशीतल्या एका गृहस्थांनी तर आधी फाइल उघडून सगळे रिपोर्ट टेबलावर मांडले आणि मग विचारलं. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) ईसीजी, थायरॉइड, साखर, बी-१२, सगळं ठीक. तरी मीटिंगला बसलं की छाती धडधडायची, श्वास पुरेनासा व्हायचा, बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या यायच्या. "सगळे म्हणतात काही नाही, मनाचे खेळ आहेत. पण मुंग्या खरंच येतात हो मॅडम!"

येतातच. हे 'काही नाही' मला अजिबात पटत नाही. रिपोर्ट चांगले आले म्हणून अंगात काहीच घडत नाही, असं कुठे असतं?

मी कागदावर मेंदू आणि त्याखाली मेरुरज्जू, म्हणजे पाठीच्या कण्यातून जाणारा चेतांचा जाड दोर, काढला. ही मध्यवर्ती चेतासंस्था. मेंदूपासून चेतांच्या (संदेश नेणाऱ्या, आपण ज्यांना 'नसा' म्हणतो त्यांच्या) १२ जोड्या निघतात, मेरुरज्जूपासून ३१, आणि त्या अंगभर पसरतात. हात उचलायचा म्हटलं तर उचलता येतो, पण हृदय, आतडी, घामाच्या ग्रंथी यांचा कारभार स्वायत्त चेतासंस्था आपल्याला न विचारता बघते. तिच्यातला अनुकंपी भाग धोक्याच्या वेळी अंगाला पळायला किंवा लढायला तयार करतो. परानुकंपी भाग सगळं पुन्हा जागेवर आणतो. या दुसऱ्या भागातली मोठी चेता म्हणजे व्हेगस. हृदय आपल्याच लयीवर सोडलं, तर मिनिटाला शंभरेक ठोके पडतील. निवांत बसल्यावर ते सत्तरच्या घरात असतात, ते बरंचसं व्हेगसच्या लगामामुळे.

धोका हुंगायचं काम मेंदूतल्या अमिग्डालाचं. तो जरा उतावळाच. विचार करणारा पुढचा मेंदू "अरे, ही तर नुसती मीटिंग" असं म्हणेपर्यंत इकडे धडधड सुरू झालेली असते आणि अ‍ॅड्रेनल ग्रंथींनी रक्तात अ‍ॅड्रेनलिन हे अंगाला सज्ज करणारं संप्रेरक सोडायला सुरुवातही केलेली असते.

"ते ठीक, पण मुंग्या?"

त्यांना दमा, हृदयविकार किंवा फिट यांतलं काही नाही, याची डॉक्टरांकडून खात्री झालेली होती. म्हणून मी त्यांना माझ्यासमोर बसवून मिनिटभर भराभर, खोल श्वास घ्यायला सांगितलं. (हे घरी एकट्याने करू नका.) मिनिट संपायच्या आतच ते थांबले आणि बोटं चोळायला लागले. "ह्याच! ह्याच त्या मुंग्या!" आणि चक्क हसले.

घाबरल्यावर आपण गरजेपेक्षा जास्त श्वास घेतो. रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, त्यामुळे रक्त थोडं अल्कधर्मी (आम्लाच्या उलट) होतं आणि त्यातलं मोकळं कॅल्शियम घटतं. मग चेता एवढ्या-तेवढ्यानेही संदेश सोडू लागतात. त्याच या मुंग्या. त्यांना घाबरून आपण आणखी जोरात श्वास घेतो, आणि चक्र चालू राहतं.

मग त्यांना मनगटावर बोट ठेवून नाडी बघायला लावली. श्वास आत घेताना ती थोडी जलद होते, बाहेर सोडताना मंदावते, कारण उच्छ्वासाच्या वेळी व्हेगसचा जोर वाढतो. म्हणून उपाय मोठा श्वास 'घेण्यात' नाही. तो सावकाश, लांबवून सोडण्यात आहे. रोज थोडा वेळ, बरं वाटत असतानाच सराव करायला सांगितला. ऐन धडधडीत पहिल्यांदा करून बघणाऱ्याला सहसा जमत नाही.

एक मात्र बजावते. अचानक एकाच बाजूचा हात-पाय लुळा पडला, तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं किंवा छातीत दाटून दुखायला लागलं, तर श्वास मोजत बसू नका, थेट हॉस्पिटल गाठा.

पुढच्या भेटीत ते म्हणाले, धडधड अजून होते, पण आता मीटिंग सोडून उठावं लागत नाही. जाता जाता विचारलंच, "नसांसाठी म्हणून बी-१२च्या गोळ्या आणल्या होत्या, त्या चालू ठेवू का?"

म्हटलं, ते डॉक्टरांना विचारा. तुमच्या रिपोर्टात तरी कमतरता दिसत नाही.