डेटाबेस प्रश्नोत्तरे : इंडेक्स आहे, तरी क्वेरी रखडते

प्रश्न : बिलिंगसाठी मायएसक्यूएल ८.० आहे. ग्राहकांच्या टेबलात तीसेक लाख रो आहेत. मोबाईलचा कॉलम व्हारकॅर, म्हणजे मजकुराचा आहे, त्यावर इंडेक्सही (शोध जलद करणारी सूची) आहे. तरी काउंटरवर नंबर टाकला की नाव यायला सहा-सात सेकंद लागतात. रॅम वाढवून पाहिली, फरक नाही. इंडेक्स नव्याने बांधावा का? – एक वाचक, सांगली

उत्तर : इंडेक्सला हात लावू नका. तो बहुधा धडधाकट आहे. क्वेरीला तो वापरताच येत नाही. कॉलम व्हारकॅर आणि प्रोग्रॅम मात्र नंबर अवतरणचिन्हांशिवाय, म्हणजे संख्या म्हणून पाठवतो, अशी ही दुखणी असतात. मजकूर आणि संख्या यांची तुलना करायची वेळ आली की मायएसक्यूएल दोन्ही बाजू दशांशी संख्येत बदलून घेतो. '१', ' १' आणि '१अ' या तिन्ही मजकुरांची संख्या एकच होते, त्यामुळे अक्षरांच्या क्रमाने रचलेल्या इंडेक्समध्ये नेमके कुठे पाहायचे हे ठरत नाही. मग तीस लाख रो एकेक करून तपासल्या जातात.

खात्री करायची तर क्वेरी प्रोग्रॅम पाठवतो तशीच्या तशी हवी. स्वतः टाईप करताना सवयीने अवतरणचिन्हे घातली जातात आणि दोष लपतो. म्हणून ती स्लो क्वेरी लॉगमधून, म्हणजे रखडणाऱ्या क्वेरींच्या नोंदीतून उचला. हा लॉग मुळात बंद असतो आणि त्याची मर्यादा १० सेकंदांची असते, म्हणजे नुसता चालू केला तरी तुमची क्वेरी त्यात सापडायची नाही. लाँग_क्वेरी_टाइम १ वर आणा. सेट ग्लोबलने केलेला हा बदल नव्या कनेक्शनलाच लागू होतो, तेव्हा ॲप्लिकेशनची कनेक्शने एकदा तोडून पुन्हा जोडा.

सापडलेल्या क्वेरीला पुढे एक्स्प्लेन (क्वेरी कशी चालेल हे दाखवणारी आज्ञा) लावा आणि लगोलग शो वॉर्निंग्ज द्या. टाइपखाली ऑल (म्हणजे सगळे टेबल वाचणे), पॉसिबल_कीजखाली इंडेक्सचे नाव आणि कीखाली नल दिसले, शिवाय टाइप किंवा कोलेशनच्या (अक्षरांच्या तुलनेच्या नियमांच्या) रूपांतरामुळे इंडेक्स वापरता येत नाही अशी १७३९ क्रमांकाची सूचना आली, की निदान पक्के. प्रोग्रॅममध्ये तो पॅरामीटर पूर्णांकाऐवजी स्ट्रिंग म्हणून बांधा. पुन्हा एक्स्प्लेन केल्यावर टाइपखाली रेफ (म्हणजे इंडेक्सने शोध) आणि रोजखाली एक-दोनचा आकडा यायला हवा.

कॉलमच इंट करून टाकावा, असा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. इंटची कमाल २१४७४८३६४७ आहे. आपले मोबाईल नंबर ६ ते ९ ने सुरू होतात, एकही मावणार नाही. फोन नंबर हा मजकूरच आहे, त्याची बेरीज कोणी करत नाही.

हेच दुखणे जॉइनमध्येही, म्हणजे दोन टेबले जोडतानाही येते. जुन्या टेबलाचा अक्षरसंच यूटीएफ८एमबी३ आणि नव्याचा यूटीएफ८एमबी४ असेल, तर जुन्या टेबलाच्या कॉलमवरचा इंडेक्स असाच निकामी ठरू शकतो.

प्रश्न : पोस्टग्रेसमधल्या ऑर्डरच्या टेबलात ५० लाख रो आहेत आणि दिवसभर अपडेट चालतात. ऑटोव्हॅक्यूम (मृत, म्हणजे अपडेटनंतर निरुपयोगी उरलेल्या जुन्या रोंची आपोआप सफाई) चालू आहे, तरी टेबल फुगत चालले आहे. – एक वाचक, पुणे

उत्तर : हिशेब मांडून पाहा. मूळ सेटिंगनुसार ऑटोव्हॅक्यूमची पाळी २० टक्के अधिक ५० रो मेल्यावर येते, म्हणजे तुमच्याकडे १० लाख ५० मृत रो साचल्यावर. त्या टेबलापुरता ऑटोव्हॅक्यूम_व्हॅक्यूम_स्केल_फॅक्टर ०.०२ करा, मग सफाई साधारण लाखावर सुरू होईल.

त्याआधी व्हॅक्यूम व्हर्बोस चालवून त्याचा अहवाल नीट वाचा. मृत पण अजून काढता न येणाऱ्या रो मोठ्या संख्येने दिसल्या, तर फॅक्टर कितीही घटवून उपयोग नाही. कुठलातरी जुना, अजून न संपलेला ट्रान्झॅक्शन त्यांना धरून बसला आहे. चालू कनेक्शने दाखवणाऱ्या पीजी_स्टॅट_ॲक्टिव्हिटीमध्ये एक्स-ॲक्ट_स्टार्टच्या (xact_start, ट्रान्झॅक्शन सुरू झाल्याची वेळ) क्रमाने पाहा. सकाळी उघडलेले आणि ‘आयडल इन ट्रान्झॅक्शन’ असे पडलेले कनेक्शन बहुतेक वेळा तिथेच सापडते. कमिट न करता फॉर्म उघडा ठेवणारा प्रोग्रॅम दुरुस्त करा आणि तोवर आयडल_इन_ट्रान्झॅक्शन_सेशन_टाइमआउट ५ मिनिटांवर ठेवा. तो मुळात शून्य, म्हणजे बंद असतो. तिथे काही नसेल तर वापरात नसलेला रेप्लिकेशन स्लॉट (दुसऱ्या सर्व्हरला बदल पोचवण्यासाठी ठेवलेली नोंद) शोधा.

भर दुपारी व्हॅक्यूम फुल (सगळे टेबल नव्याने लिहिणारी सफाई) मात्र मुळीच नको. ते संपेपर्यंत टेबल वाचताही येत नाही.

प्रश्न : अहवाल जलद व्हावेत म्हणून पोस्टग्रेसमध्ये वर्क_मेम (क्वेरीच्या कामासाठीच्या मेमरीची मर्यादा) १ जीबी केली, तर ३२ जीबीचा सर्व्हरच मेमरी संपून पडला. असे का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : ही मर्यादा सर्व्हरची नव्हे, एका सॉर्टची (क्रम लावण्याची) किंवा एका हॅशची (जुळणी-गट करण्यासाठीच्या तक्त्याची) असते. एका क्वेरीत असे तीन-चार टप्पे सहज असतात, पॅरलल वर्कर (एकाच क्वेरीवर एकाच वेळी राबणाऱ्या प्रोसेस) आपापला वाटा वेगळा घेतात, आणि हे सगळे प्रत्येक कनेक्शनला. १५ व्या आवृत्तीपासून हॅशला तर मूळ सेटिंगमध्येच दुप्पट मुभा आहे. मूळ ४ एमबी किंवा फार तर १६ वर परत या. अहवालाच्या क्वेरीवर एक्स्प्लेन ॲनालाइझ चालवा. ‘एक्स्टर्नल मर्ज डिस्क’ असे दिसले, म्हणजे सॉर्ट मेमरीत न मावता डिस्कवर गेला, तर त्या अहवालाच्या ट्रान्झॅक्शनमध्येच सेट लोकलने वर्क_मेम वाढवा. डिस्कवर ८० एमबी दिसले म्हणून ८० देऊन भागत नाही, मेमरीत तोच सॉर्ट जास्त जागा घेतो. २०० एमबीपासून सुरू करा आणि ‘क्विकसॉर्ट मेमरी’ दिसेपर्यंत वाढवत जा.